उठायची घाई नसलेली सून

आई,

इथूनच तुझ्यापुढे गुडघे टेकते. आम्ही सगळे बरे आहोत. तुझा वात कसा आहे?

सासरी माझं फार कौतुक चाललंय. पाहुणे आले की मी आपल्या रीतीप्रमाणे नमस्काराला चटईवर गुडघे टेकते आणि ते जाईपर्यंत तशीच बसते. सासूबाई शेजारणींना ऐकवतात, "तुमच्या सुना टेकल्या की उठल्या. आमची नाकायिझा बघा जरा." मी खाली मान घालून हसते. मला उठताच येत नाही, हे कुणाला सांगू?

सगळे गेले की दाराची चौकट धरून उठते. आधी एका हाताने जमायचं, आता दोन्ही लागतात. डॉक्टर म्हणाले, स्नायूंचं दुखणं आहे, वाढत जाणार, आणि घराण्यातून येतं. यांना अजून सांगितलेलं नाही.

रविवारी नणंदेला मागणी घालायला पाहुणे येणार. अंगणात आम्ही सगळ्या बायकांनी एकदम टेकायचं, एकदम उठायचं. अंगणात धरायला काही नाही.

परवा तुझी नात किसाक्ये माझ्याशेजारी टेकली आणि टुणकन उठली. मी कितीतरी वेळ तिच्या पायांकडेच बघत होते.

आई, तूही आजीपुढे अशीच बसून राहायचीस आणि सगळा गाव तुझे गोडवे गायचा. खरं सांग, तुला तेव्हा उठता येत होतं का?

तुझी,
नाकायिझा