आपत्कालीन संपर्काच्या रकान्यातलं नाव

मी, पद्मिनी सॅम्युएल रणपिसे, वय ४१, मूळची नगरची, सध्या राहणार फ्रिस्को, टेक्सास, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणी मागे न लागता लिहीत आहे. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात काळजी नको. मी म्हणते कागद तयार असलेला बरा. माझं लग्न झालेलं नाही. ते का, हे पुढे येईलच.

१. माझं टाउनहाऊस आणि बँकेतली शिल्लक धाकटा भाऊ यतीन याला मिळावी. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यानेच करावी. घर विकताना घासाघीस करायला जाऊ नये, त्याला ती जमत नाही.

२. माझी पेटी आमच्या मराठी मंडळीला द्यावी. आम्ही महिन्यातून एका रविवारी दुसऱ्यांच्या चर्चचा हॉल मागून उपासना करतो. भाता हळू ओढावा.

३. कपाटाच्या वरच्या खणात पांढरी साडी आहे, घडीही न मोडलेली. ती लग्नाची. नगरला आमच्या चर्चमध्ये लग्नाची घोषणा लागोपाठ तीन रविवार वाचतात. निमिष साळवे आणि माझी दोन रविवार वाचली. आम्ही दोघं इकडे, तिकिटं काढलेली. तिसऱ्या रविवारच्या आदल्या दिवशी त्याने ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडहून, तो राहतो तिथून, फोन केला, "पद्मिनी, मला नाही जमणार. कारण विचारू नकोस." मी विचारलं नाही. याचा अजून राग आहे, त्याच्यावर कमी आणि माझ्यावर जास्त. आई मात्र त्या रविवारीही चर्चला गेली, आणि पाळकसाहेब घोषणा न वाचता पुढे गेले तेव्हा मान वर ठेवून बसली. साडी गरज असेल त्या नवरीला द्यावी. तिला माझी गोष्ट सांगू नये.

४. आमच्या मंडळीतल्या कुमारकाकांनी त्या आठवड्यात मला बायबलमधली अकरा वचनं फॉरवर्ड केली आणि "देवाची योजना असते, बेटा" म्हणून फोन ठेवला. त्यांना कढीपत्त्याची कुंडी. थंडीत ती रोज आत-बाहेर करावी लागते. करू देत.

५. मंडळीतल्याच शरयूकाकूंना माझी गाडी आणि आईच्या मागे माझ्याकडे आलेलं गीतांचं पुस्तक. काकूंनी मला एकही वचन सुनावलं नाही. दर शनिवारी भाजी-भाकरी घेऊन यायच्या आणि आम्ही प्रभूची प्रार्थना म्हणायचो. देवाच्या इच्छेप्रमाणे व्हावं, त्या ओळीला माझा आवाज बंद पडायचा. काकू म्हणाल्या, "तू थांब गं. तेवढी ओळ मी दोघींची म्हणते." सात महिने म्हणाल्या. मग एका शनिवारी ती माझ्याच तोंडून निघाली. चमत्कार वगैरे काही नाही, भाकरी गार होत होती. पण त्या दिवसापासून देव मला पुन्हा घरातला वाटू लागला.

६. आता मुख्य मुद्दा. साखरपुडा झाल्यावर मी ऑफिसच्या फॉर्मवर आपत्कालीन संपर्क म्हणून निमिषचं नाव घातलं होतं. कंपनी दर वर्षी विचारते, काही बदल? नऊ वर्षं मी "बदल नाही" दाबत आले. ऑगस्टमध्ये ऑफिसात चक्कर येऊन पडले आणि त्यांनी त्याला फोन लावला. तो साडेचार तास गाडी चालवत हॉस्पिटलात आला.

"अजून माझंच नाव आहे?"

"बदलायचं राहून गेलं," मी म्हटलं. हे खोटं होतं.

त्याला बायको आहे, दोन मुली आहेत. तासभर खुर्चीत बसला, माझ्यासाठी हळू आवाजात प्रार्थना केली आणि गेला. मला फार बरं वाटलं, हे लिहायला लाज वाटत नाही. तो असा तडकाफडकी निघाला तेव्हा त्याच्या बायकोला काय वाटलं असेल, हे मात्र मनातून जात नाही.

काल ते नाव मी काढलं आणि शरयूकाकूंचं घातलं. त्या म्हणाल्या, "अगं, माझा फोन सायलेंटवर असतो." मग पर्समधून काढून माझ्याच हातात दिला, आवाज चालू करायला.

७. माझं काही बरंवाईट झालं तर निमिषला कळवू नये. हे मी इथे कायद्यासाठी लिहिते. तो यावा असं मला वाटतं, हे देवाला वेगळं सांगितलं आहे. त्याने ते न रागावता ऐकून घेतलं.

सही: पद्मिनी सॅम्युएल रणपिसे

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली, बाई हसतमुख होत्या:
साक्षीदार १: नैना उजगरे
साक्षीदार २: जय पाटोळे

फ्रिस्को, टेक्सास
रविवार, १० नोव्हेंबर २०२४