न वाजलेली सोंगटी

तीर्थरूप दादांना हिसानोरीचा वाकून नमस्कार. गुडघा आता कसा आहे? वहिनींचं मुळ्याचं लोणचं पोचलं (नागोयात असा मुळा मिळत नाही, मिळाला तरी तो वहिनींच्या हातचा नसतो).

शुक्रवारी सकाळी मी गार पाण्याने अंघोळ केली, कोपऱ्यावरच्या इनारी देवतेच्या देवळात जाऊन रिवाजाप्रमाणे दोन टाळ्या वाजवल्या आणि स्वतःसाठी काहीच मागितलं नाही. एवढंच म्हटलं, की आज समोरच्याला खूप विचार करावा लागू दे. त्यानंतर जे घडलं त्या धक्क्यातून मी अजून सावरलेलो नाही.

शुक्रवारची बाजी हरलो तर गोचा पट कायमचा सोडून गावी येईन आणि देवळाचं काम तुमच्या हातून घेईन, असा शब्द मी नववर्षाला दिला होता. समोर मिनेगिशी होते (तेच, जे चहासुद्धा पंचांना विचारून पितात). दुपारपर्यंत माझी बाजू भक्कम होती. मग अशी एक चाल सुचली, की बाजी तिथेच संपावी. सोंगटी ठेवली, पण हळूच. गोच्या शाळेशेजारी भिक्षू ध्यानाला बसत, म्हणून आपल्या मास्तरांनी तशी सवय लावली, ती पन्नाशी आली तरी सुटत नाही. बाकीचे सगळे खाडकन वाजवतात. आणि त्या आनंदात घड्याळाचं बटण दाबायचंच राहिलं, म्हणजे माझा वेळ थांबलाच नाही, त्यांचा सुरूच झाला नाही. मिनेगिशी डोळे मिटून बसलेले. मला वाटलं, बुडाले विचारात. विचार करणाऱ्याच्या घड्याळाकडे बघणं म्हणजे त्याला घाई करणं, म्हणून मी समोरच्या छपरावर वाळत घातलेल्या गाद्या बघत बसलो. घड्याळातली बाई सेकंद मोजायला लागली तेव्हा मला त्यांची इतकी दया आली, की मनातल्या मनात त्यांच्यासाठी प्रार्थना केली. बाई म्हणाली, वेळ संपली. मी सांत्वनाला पुढे वाकलो, तर संपलेली वेळ माझी.

मिनेगिशींनी डोळे उघडले, पटाकडे पाहिलं आणि पांढरे पडले. "अहो, खेळलात कधी तुम्ही? मी सोंगटी वाजायची वाट बघतोय." "अशी चाल झाली असेल तर बाजी मीच हरलो," असं म्हणून ते वाकले. नियम तो नियम, म्हणून मीही वाकलो. ते आणखी खाली, मी त्याहून खाली. शेवटी पंच म्हणाले, "दोघांनी हरून कसं चालेल? कुणीतरी एक जिंका, मला घरी जायचंय."

मी हरलो. मिनेगिशी जिन्यापर्यंत माफी मागत आले. "पुढच्या वेळी डोळे उघडे ठेवीन, शब्द देतो," म्हणाले. "पण तुम्हीही जरा वाजवा हो."

तेव्हा वहिनींना माझी खोली झाडून ठेवायला सांगा.

तुमचा धाकटा,
हिसानोरी

ता. क. झाडताना माळ्यावर बाबांच्या जाड सोंगट्या सापडतील. त्या पोस्टाने पाठवा. फार वाजतात.

आणखी एक. गुडघ्याला शेक देत राहा, देवळाच्या पायऱ्या अजून वर्षभर तुम्हालाच चढायच्या आहेत. ती 'पुढची वेळ' आलीच नाही, तर मिनेगिशींना त्यांचा शब्द पाळता येणार नाही आणि ते पाप माझ्या माथी येईल. म्हणून आज सकाळी, देवाकडे काहीही न मागता, स्पर्धेच्या पुढच्या हंगामासाठी नाव देऊन आलो.