रविवारी रात्री तिथेच राहा

मारिसेला,

ब्रेंटने फ्रिजवर लावलेला सहलीचा बेत वाचला. तुम्ही दोघं डायव्हिंग एकाच वर्गात शिकलात, सर्टिफिकेट मिळून चार दिवस झाले, पण गुरुमहाराज मात्र आमचे जावईबापूच! रविवारी दोनला सांता रोसाच्या डोहात शेवटची बुडी आणि तीनला गाडी अल्बुकर्कीकडे. वाटेत सात हजार फूट उंचीवरचा घाट आहे, हे विद्वानांना दिसलं नाही. टाकीतली हवा घेत खोल बुडी मारून लगेच इतक्या उंचीवर गेलं तर रक्तात बुडबुडे होतात, माणूस लुळा पडू शकतो. हे त्याच्याच पुस्तकात आहे. त्याने ते उघडलेलंही दिसत नाही.

काल जेवताना मी विषय काढला, तर म्हणाला, "बाबा, तुम्हाला टबातल्या पाण्याची भीती वाटते. तुम्ही आपला रस्सा वाढा." मी मुकाट्याने वाढला.

माझंच चुकत असेल म्हणून सकाळी डायव्हिंगच्या दुकानात फोन केला. बाई म्हणाल्या, "आजोबा, रात्रभर त्यांना खालीच थांबवा." सांता रोसातल्या मोटेलात तुमच्यासाठी खोली सांगून ठेवली आहे.

मी ग्रंथालयात आहे. तो ऐकत नसेल तर तू पाण्यात उतरू नकोस. आणि तो हसला तर मला बोलावून घे. या वेळी त्याच्या तोंडावर सांगेन.

बाबा