चौथा खोकला

३ नोव्हेंबर, सोमवार. मांडवगण फराटा

नवी वही, नवी नोकरी, नवं गाव. दौंडहून निघालेली एसटी उसाच्या ट्रॉल्यांमागे रखडत आली, तरी मी खिडकीत बसून एकटीच हसत होते. लॅब टेक्निशियनचा कोर्स केल्यावर दीड वर्ष मी दुसऱ्यांच्या रक्ताच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. आता हातात प्रकल्पाचा फोन आहे, गळ्यात ओळखपत्र आहे आणि त्यावर माझं नाव आहे, करुणा. आई स्टँडवर सोडायला आली होती. सात वर्षांपूर्वी तिला क्षय झाला होता. आमच्या रेल्वे क्वार्टरमागच्या वस्तीत तिनं तो कुणापासून लपवला नाही, सहा महिने गोळ्या घेतल्या आणि आज ती माझ्या जागेसाठी कंडक्टरशी भांडण्याइतकी ठणठणीत आहे.

काम सोपं आहे. माणसानं फोनसमोर तीनदा खोकायचं. ॲप तो आवाज तपासतं आणि छातीत काही गडबड आहे का, याचा अंदाज देतं. हिरवा ठिपका म्हणजे ठीक. लाल आला की थुंकीची तपासणी आणि शिरूरला एक्स-रे. निदान ॲप करत नाही, ते नुसतं बोट दाखवतं. गेल्या वर्षी या गावात पहिली फेरी झाली, ही दुसरी. एकच माणूस दोन नावांनी नोंदला जाऊ नये म्हणून ॲप नवा आवाज जुन्यांशी जुळवूनही बघतं.

गावच्या आशा सेविका चांगुणाताई यांनी रंगुबाईंकडे खोली बघून दिली. रंगुबाई साठीच्या आहेत, मुलगा रांजणगावला कंपनीत असतो, घरात त्या एकट्याच. खोली मागच्या अंगाला, झेंडूच्या वाफ्यांकडे तोंड करून. उजेड भरपूर. फक्त दाराला कडी बाहेरून आहे, आतून नाहीच. विचारलं तर म्हणाल्या, "आदी कांदा ठिवायचो." कांद्याला पळून जायची सवय असावी.

पहिला खोकला त्यांचाच घेतला. हिरवा. पण ॲप म्हणालं, हा आवाज आधीच नोंदलेला आहे, नाव नीलम, वय चोवीस. साठीच्या बाईला चोवीसची ठरवणारं ॲप! मी पोट धरून हसले. रंगुबाई हसल्या नाहीत. सॉफ्टवेअर नवं आहे, चुका होणारच.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज डोकं फिरलं.

खोलीतल्या फळीवर एक ताट, एक पेला आणि कान तुटलेला कप वेगळा मांडलेला आहे. दुपारी सहज उचलायला गेले तर रंगुबाई दारातूनच म्हणाल्या, "त्येला हात लावू नगं, ते येगळं हाय." येगळं! सोमवारी त्यांनी माझं आडनाव विचारलं होतं. भिंतीवर मी बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो लावला तोही त्यांनी पाहिला होता. माझ्या आजीसाठी लोकांच्या गोठ्याच्या वळचणीला असाच एक कप उपडा असायचा. आजी ती गोष्ट हसत सांगायची. मला कधीच हसू आलं नाही.

मग मी काय केलं? तोच कप घासला, चहा केला आणि पुढच्या पायरीवर बसून, गल्लीतल्या येणाऱ्या-जाणाऱ्यांना हाका मारत, भुरके मारून प्यायले. वेगळा असला तर आता माझा झाला, असं ठणकावून सांगितलं. रंगुबाईंनी तोंडाला पदर लावला. "त्या कपात न्हाई गं पोरी, त्या कपात न्हाई," एवढंच म्हणत राहिल्या. म्हणू देत, मी मनात म्हटलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

बावीस जणांचे खोकले घेतले आणि बावीसच्या बावीस नोंदी ॲपनं परत केल्या. कारण एकच: तीनऐवजी चार खोकले.

कानात इअरफोन घालून ऐकलं. तीन त्या माणसाचे. मग थोडी शांतता. मग चौथा. बारीक, कोरडा, तोंडावर कापड दाबून खोकावं तसा अर्ध्यात मोडलेला. पारावरच्या आप्पांच्या नोंदीत तोच. शाळेतल्या बाईंच्या नोंदीत तोच. पुण्याहून काम बघणाऱ्या सुदर्शन सरांना फोन केला. त्यांच्या मते आजूबाजूचा आवाज असणार, बंद जागेत घ्या. मी एका मामांना त्यांच्याच गाडीत बसवलं, काचा वर केल्या, स्वतः बाहेर उन्हात उभी राहिले. गाडीत एक माणूस. खोकले चार.

जुन्या नोंदी चाळल्या. सोमवारी, मंगळवारी सगळ्यांचे तीन-तीनच आहेत. बुधवारी मी तो चहा प्यायले, त्यानंतरचे सगळे चार.

योगायोग असेल. मी विज्ञान शिकलेली मुलगी आहे, कपाला घाबरणार नाही. आजही त्यातच चहा घेतला.

१० नोव्हेंबर, सोमवार

शनिवार, रविवार तेच. मग मी चांगुणाताईंना उपकेंद्राच्या ओट्यावर बसवलं आणि चौथा खोकला ऐकवला. त्यांनी पहिल्याच झटक्यात इअरफोन काढले.

"ही नीलम हाय," म्हणाल्या.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. नीलम रंगुबाईंची सून. गेल्या वर्षी दोन महिने खोकत होती. नेमकं तेव्हा रंगुबाईंच्या मुलीचं लग्न जुळत होतं आणि घरात क्षय आहे हे बाहेर कळायला नको होतं. तपासणीच्या दिवशी नीलमचं आधार कार्ड घेऊन रंगुबाई स्वतः आल्या, तोंडावर पदर ओढला, सुनेच्या नावावर खोकल्या. हिरवा ठिपका. चांगुणाताईंनी ओळखलं होतं, तरी लिहून घेतलं. "कागदावर ती धडधाकट हुती, मंग दवाखान्यात कशी न्यायची सांगा." नीलमला मागच्या खोलीत ठेवलं. वेगळं ताट, वेगळा पेला, वेगळा कप. बाहेरून कडी. जूनमध्ये ती गेली.

म्हणजे माझ्या खोलीत. म्हणजे ॲप चुकलं नव्हतं, चोवीसची नीलम म्हणून रंगुबाईच खोकल्या होत्या. आणि तो कप माझ्यासाठी वेगळा काढलेला नव्हताच. पायरीवर बसून मिरवल्याची लाज वाटली. पण राग त्याहून मोठा आला. माझी आजी तो कप उपडा घालून निदान स्वतःच्या घरी जायची. हिला जायला दारच नव्हतं.

आई म्हणते भीती वाटली की मी जास्त बडबडते. आज दिवसभर बडबडले.

१२ नोव्हेंबर, बुधवार

तेच पुन्हा चाललंय. माझ्या डोळ्यांदेखत.

सोपानरावांची पिंकी, वय वीस. खुटबावला लग्न ठरलंय, तेवीस तारखेला साखरपुडा. तिच्या नावावर तोंडाला स्कार्फ बांधलेली एक बाई आली, खोकली, चौथा कापून मी नोंद चढवली, हिरवा ठिपका आला. ॲप म्हणालं, हा आवाज आधीच नोंदलेला आहे. पिंकीची वहिनी! मी स्कार्फ काढायला लावला. वहिनी रडायला लागली. घरच्यांनी पाठवलं म्हणाली.

मी थेट त्यांच्या घरी. आतल्या खोलीतून खोकला ऐकू येत होता, दार लोटलेलं. सोपानराव म्हणाले, "लगीन हुंद्या, मग काय त्या तपासण्या करा." मी सांगितलं, लग्नापर्यंत हिची छाती थांबणार नाही, गोळ्या घेतल्या तर सहा महिन्यांत बरी होईल, माझी आई झाली. ते म्हणाले, आईचं कौतुक तुमच्या वस्तीत करा. मी म्हटलं, इथंच करणार, रोज येऊन करणार.

निघताना दाराच्या फटीतून पिंकी बोलली. "ताई, मला यायचंय." इतकं हळू, की फोननंसुद्धा पकडलं नसतं. मनगट पाहिलं तिचं. बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

हिला मी मरू देणार नाही. नीलमच्या वेळी मी नव्हते. हिच्या वेळी आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार. दुपार

फोन बंद होता. खोलीत मी एकटी. जेवण करून फळी पुसत होते आणि पाठीमागे — चौथा. फोनमधून नाही. खोलीतून. दाराजवळून.

वळले. ऊन पडलेलं, झेंडू दिसत होता, कुणी नव्हतं. परत एकदा. आता फळीजवळ. माझ्या हाताच्या अंतरावर.

भ्याले, खोटं कशाला लिहू. पण पळाले नाही. फोन उघडला, नवी नोंद घेतली. नाव नीलम, वय चोवीस, पत्ता हीच खोली. मोठ्यानं म्हटलं, मोजून घ्यायला आलीस ना, मग नीट खोक, पदर काढ.

ती खोकली. तीनदा. पदर न धरता. तिसऱ्याला मी डोळे मिटून घेतले.

ठिपका लाल.

तिची खरी तपासणी आज झाली. मेल्यावर पाच महिन्यांनी.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज सगळ्यांचे तीन-तीनच. दिवसभर. मला रडू आलं, सुटले म्हणून.

संध्याकाळी घरी आले तर रंगुबाई खोकत होत्या. बारीक. कोरडा. अर्ध्यात मोडलेला.

नोंद घेतली. ॲप म्हणालं: आधीच नोंदलेला आवाज, नीलम, वय चोवीस. पण या वेळी शनिवारची नोंद दाखवली. लाल ठिपक्याची.

गेल्या वर्षी रंगुबाई नीलमच्या नावावर खोकल्या. आता नीलम रंगुबाईंच्या तोंडून खोकते.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

त्यांना घेऊन शिरूरला गेले. एक्स-रे स्वच्छ. थुंकी नाहीच. डॉक्टर चक्रावले. परतताना रंगुबाई शांत होत्या. "म्या तिचं नाव घेतलं, ती माझं तोंड घेती. फिट्टंफाट," म्हणाल्या आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपल्या. झोपेतही खोकत होत्या. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

पिंकीची वहिनी खोकतेय. चांगुणाताई खोकतायत. तोच खोकला. ज्यांनी दुसऱ्याच्या नावावर खोकलं, ज्यांनी बघून लिहून घेतलं —

आणि आज सकाळी मी.

घसा दुखत नाही, ताप नाही. स्वतःची नोंद घेतली. तीन खोकले. ॲप: नीलम.

मी कुणाला फसवलं? फक्त कप घेतला. तिचा कप घेऊन माझं भांडण भांडले.

आई म्हणते घरी ये. सुदर्शन सर म्हणतात काम थांबवा, दुसरी मुलगी पाठवतो. दुसरी कशाला? तिला काय सांगाल, कप उचलू नकोस म्हणून?

भीती वाटते. खूप. पण भीतीला बाजूला बस म्हटलं आणि फळीसमोर उभी राहिले. नीलमला सांगितलं: तोंड घे माझं. घेतलंसच. पण मग माझं काम कर. पिंकीच्या दारात चल.

फळीवरचा पेला हलला. किंवा माझा धक्का लागला. मला काय.

२३ नोव्हेंबर, रविवार. सकाळी अकरा

कडी लावली. बाहेरून. सोपानरावांचे दोघे जण होते. साखरपुडा आटपेपर्यंत मॅडमनी आराम करावा, असं म्हणून गेले. रंगुबाई पुढच्या खोलीत आडव्या आहेत, त्यांना उठवत नाही.

चांगुणाताईंना फोन लावला. उचलला. पलीकडून फक्त खोकला.

दारावर लाथा मारल्या. दार भक्कम आहे. आतल्या बाजूला, खाली, नखांनी ओरखडलेलं — हे आधी दिसलं नव्हतं.

साडेअकरा

मांडवातली गाणी ऐकू येतायत. खुटबावची माणसं आली वाटतं.

ती माझ्याशेजारी आहे. दिसत नाही. पण मी श्वास घेते तेव्हा दोन वेळा आत जातो.

जा म्हटलं तिला. माझ्यापाशी काय बसलीस. जा तिकडं. तू कोंडलेली नाहीस आता.

पावणेबारा

खोलीत शांत. माझा घसा मोकळा.

गेली —

बारा

गाणी बंद. आधी एका बाईचा खोकला, माइकवर. वहिनी असावी. मग दुसरा. मग पुरुषी आवाज, सोपानराव, मंत्र म्हणायला बसलेले भटजी, खुटबावच्या बाया. सगळा मांडव. सगळ्यांचा एकच खोकला, बारीक, कोरडा, आणि आता दाबलेला नाही. भिंतीला हात लावला तर भिंतीत जाणवतोय.

मी ओरडले. शाबास म्हणून ओरडले. आणि घाबरले सुद्धा, कारण थांबत नाही. कुणाला श्वास घ्यायला फुरसत नाही. पोरंटोरं आहेत तिकडं. नीलम, बास. बास आता —

कडी वाजतेय.

पिंकी आहे. दारात. हिरवा शालू, अनवाणी, तोंडावर पदर नाही. एकटी. तेवढ्या माणसांत एकटी तीच खोकत नव्हती, म्हणून निघता आलं म्हणते. फोन काढा म्हणते. आधी नोंद, मग शिरूर.

फोन पुढं केलाय. वही मांडीवर. काही झालं तरी लिहिणार.

नाव: पिंकी. वय: वीस. कोणी आणलं: स्वतः आली.

एक.

दोन.

तीन.

मांडव एकदम गप्प झालाय. पिंकी माझ्याकडे बघतेय. फोन अजून ऐकतोय. नीलम, हे तीन तिचे आहेत, तिचेच राहू देत. तुला हवं तर माझं तोंड घे, कायमचं घे, पण हिच्या नोंदीत चौ