अर्ध्या बाह्यांचं पोलकं

सोमवार, ता. ४ जून १९३४
आज यमूचं नाव बालवर्गात घालून आले. एकटीच गेले. ह्यांना गिरणीतून रजा मिळाली नसती, आणि खरं म्हणजे ह्यांनी मागितलीही नव्हती. मोठ्या बाई बऱ्या वाटल्या. पुण्यास शिकून आल्यात म्हणे. यमूला जवळ घेऊन नाव विचारलं. "यमी." पुरं नाव सांग. "यमी गं!" बाई हसल्या.

वर्ग पुढच्या सोमवारी सुरू. पोरीला आपलं आपण मोरीवर जाता आलं पाहिजे. दंडावर देवी टोचल्याची खूण पाहिजे, ती आहे. आणि डॉक्टरांचा दाखला पाहिजे की मुलीला कुठलाही लागणारा रोग नाही.

हे ऐकलं नि माझा हात आपोआप यमूच्या डाव्या बाहीवर गेला. जून महिना, घामानं पोर भिजलेली, आणि बाही मनगटापर्यंत. मीच शिवलेली. बाईंना काही दिसलं नाही.

घरी सांगितलं तर सासूबाई जेवत्या ताटावरून उठल्या. "डाक्तरला दावायचं न्हाय. कोड म्हणून कागदावर चढलं की झालं मग पोरीचं लगीन!"

पाच वर्षांची आहे यमू.

मंगळवार, ता. ५
सकाळपासून शाळेची तालीम. दारात पाट मांडला, मी बाई झाले. "बाई, मला जायचंय" म्हणायला शिकवलं. तर अख्ख्या भवानी पेठेला ऐकू जाईल असं ओरडते. हळू म्हण गं. हळू म्हटलं तर ओठसुद्धा हलत नाहीत.

बटणं. खालचं बटण वरच्या काजात. मी लावू गेले तर हात झटकला.

डबा उघडताना चटणी डोळ्यात गेली. रडली. डोळे धुतल्यावर परत डबा घेऊन बसली.

रात्री ह्यांना विचारलं, शुक्रवारी डॉ.कडे याल का. म्हणाले, "यंदा राहू दे. पुढल्या वर्षी बघू." गेल्या वर्षी कवडीएवढा डाग होता, आता मनगटापासून कोपराला टेकलाय. म्हटलं, पुढल्या वर्षी कुठवर गेलेला बघायचाय तुम्हाला? पान लावत बसले.

मनातलं मात्र ह्यांच्याशीही बोलले नाही. कोडच असेल ना? की दुसरं काही… तो शब्द इथं लिहीत नाही.

बुधवार, ता. ६
दुपारी नळावर गेले होते. परत येते तो यमूची किंकाळी. सासूबाईंनी कोड जावं म्हणून बावचीचं बी वाटून हाताला थापलेलं नि पोरीला उन्हात बसवलेलं. हात लालबुंद, टरारून फोड. वाटी उचलली नि अंगणात भिरकावली. आजवर ह्या घरात आवाज चढवला नव्हता, आज चढवला.

"आत्याबाई, माझ्या पोरीच्या हाताला परत काही लावायचं नाही!"

वाटलं, आता माझी खैर नाही. पण त्या खालीच बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "माज्या भणीला हुतं. करकंबला. बापानं मागल्या छपरात ठिवली, जेवाण बी तितंच. मेली तवा चार माणसं न्हाय मिळाली उचलाया." पदरानं तोंड पुसलं. "यमीचं तसं हूं ने म्हणून लावलं गं."

राग गेला नाही. पण ओरडता आलं नाही पुढं.

खोबरेल लावलं. फोड आहेतच.

शुक्रवार, ता. ८
डॉ.कडे जाऊन आले. शेवटी एकटीच. ह्यांनी टांगा मात्र आणून दिला दाराशी.

डॉ. म्हातारे, चष्मा कपाळावर. दात बघितले, घशात चमचा घातला, छातीला नळी लावली. यमू खूश. मग म्हणाले, पोलकं काढा. फोड बघून आधी माझ्यावरच भडकले, "हे कुणी केलं?"

मला म्हणाले, हिचे डोळे झाका. मी झाकले. त्यांनी टाचणी घेतली. "कुठं टोचतंय ते सांगायचं हं बाळ." उजव्या हाताला टोचली, "इथं." मानेला, "इथं." मग डाव्या हातावर, पांढऱ्या कातडीला, फोड टाळून.

यमू गप्प.

परत टोचली. गप्प. तो लिहायचा नाही ठरवलेला शब्द कानात घुमायला लागला. डॉ.नी माझ्याकडं बघितलं नाही, तिसऱ्यांदा टाचणी लावली. "बाळ, काही कळतंय का?"

"आजीनं सांगितलंय, तिथलं कुणाशी बोलायचं नाही."

डॉ. हसून खुर्चीवर मागं रेलले. "मग माझ्या कानात सांग." ती कानाशी गेली नि सगळ्या दवाखान्याला ऐकू येईल असं म्हणाली, "टोचतंय की!"

मी तिथंच बाकावर बसले. रडू आवरेना. डॉ. म्हणाले, "महारोग असता तर हिला टोचलेलं कळलं नसतं. साधं कोड आहे. शेजारी बसून लागत नाही, एका ताटात जेवून लागत नाही. दाखल्यात तसंच लिहितो. आणि तुम्ही रडू नका, पोरगी ठणठणीत आहे."

येताना तिला लिमलेटच्या गोळ्या. मलाही एक दिली तिनं.

शनिवार, ता. ९
दाखला शाळेत दिला. बाईंनी वाचला, यमूची बाही वर करून बघितली. मग बाही परत खाली ओढली.

"माझी काही हरकत नाही. पण इतर पालकांचं सांगता येत नाही. तुम्ही असं करा, हिला लांब बाह्यांचंच घाला. मी कुणाला बोलणार नाही."

चांगल्या मनानं म्हणाल्या, हे कळतंय मला. तरी वाटेभर जळत आले. दाखला आहे, टोचून बघितलंय, लागत नाही म्हणून लिहून दिलंय, आणि तरी झाकायचं? करकंबला छपरात झाकली, इथं बाहीत.

रविवार, ता. १०
कात्री घेतली नि यमूच्या तिन्ही पोलक्यांच्या बाह्या कोपराच्या वर कापल्या. काठ दुमडून टीप मारत होते. हे समोर येऊन उभे.
"हे काय चाललंय?"
"उकडतंय तिला."
"लोक बघतील."
"बघू देत."

हे बाहेर निघून गेले. यमू हात वर करून घरभर नाचली. म्हणे वारं लागतंय.

सोमवार, ता. ११
पहिला दिवस. वेणी, निळं पोलकं, डबा. दारातून आत गेली नि मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. मी खिडकीशी थांबले. सगळी गोल करून बसली. मातीचे गोळे करायचे होते. शेजारच्या मुलानं तिच्या हाताकडं बोट दाखवून विचारलं, हे काय? यमू म्हणाली, "कोड. डॉक्टरनी टोचून बघितलंय." त्यानं आपला हात पुढं केला, "मला पण टोच." दोघं खिदळली.

तासभर असा गेला. मग त्या मुलाची आई डबा द्यायला आली. वकिलीणबाई. पोराला बखोटीला धरून उठवलं, बाईंना काय काय बोलली. बालवर्ग आहे का महारोग्यांचं… असंच काहीसं. बाई दाखला दाखवत होत्या, तिनं हातात घेतला नाही.

दुपारी बाईंनी मला बाजूला घेतलं. शाळा चालवणाऱ्या मंडळाची रविवारी सभा आहे, तिथं ठरेल. तोवर हिला घरी ठेवा. माझ्याकडं न बघता म्हणाल्या.

मंगळवार, ता. १२
नेली. शाळेच्या वेळेला, डबा घेऊन. आत नाही गेलो. बाहेरच्या पायरीवर बसलो दोघी.

बाई आल्या. "अहो, मी तुम्हाला सांगितलं होतं ना?"
"आम्ही आत कुठं आलोय?"
"उन्हात किती वेळ बसणार?"
"शाळा सुटेपर्यंत."

आत गाणं सुरू झालं, यमू बाहेरून म्हणायला लागली. आतल्यांपेक्षा मोठ्यानं. मी म्हटलं नाही की हळू म्हण.

जाणारे येणारे बघत होते. दोघीतिघींनी नाक मुरडलं, एका बाईनं रस्ता बदलला. मी पदर सावरून ताठ बसले. उठून घरी पळावंसं मात्र वाटत होतं. हे फक्त इथं लिहितेय.

बुधवार, ता. १३
निघताना सासूबाई दारात आडव्या. वाटलं, आज अडवणार. "लोकं काय बोलत्यात ठावं हाय का?"
"ठावं आहे."
"आन् तरी जातीयास?"
"व्हय."

बाजूला झाल्या. मग मागून हाक, "छत्री ने की! पोरीला ऊन लागंल."

दुपारी बाई मातीचा गोळा घेऊन पायरीवर आल्या. यमूपुढं ठेवला, तिच्या हातात हात घालून बैल कसा करायचा ते दाखवलं. जाताना म्हणाल्या, "सभेत मी माझं मत मांडीन. पण मंडळात मी एकटी बाई आहे." म्हटलं, मीही येते. म्हणाल्या, पालकांना बोलावलेलं नाही. तरी येते म्हटलं.

शुक्रवार, ता. १५
काल रात्री ह्यांच्याशी खूप वाद. म्हणाले, आपल्या घराची चर्चा गिरणीपर्यंत गेलीय, साहेबानं विचारलं, मला मान खाली घालावी लागली. मी म्हटलं, मान कशाला घातली खाली? पोरीनं चोरी केलीय? हे भिंतीकडं तोंड करून निजले.

सकाळी न बोलता गेले. आम्ही आमच्या वाटेनं. पायरीवर बसून थोडा वेळ झाला असेल, तर समोरून हे. टोपी, कोट, गिरणीचेच कपडे. मला वाटलं, घरी न्यायला आले. छत्रीचा दांडा घट्ट धरला.

हे आले, धोतर सावरलं नि यमूच्या पलीकडं पायरीवर बसले. जड माणूस, खाली बसायची सवय नाही. गिरणीचा हजेरीचा भोंगा झाला. उठले नाहीत.

यमूनं त्यांच्याकडं नीट बघितलं. "बाबा, तुम्हाला पण आत घेत नाहीत?"

"अजून नाही," हे म्हणाले.