हंड्यातली घाण

७ मे

शी! शी! शी! तीनदा हात धुतले, तरी नखांतला वास जाईना.

चर्चमधल्या काशाच्या हंड्याचं झाकण आज काढलं. पागेल म्हणजे आमचा चर्चचा राखणदार — घंटा वाजवतो, उरलेला वेळ बिअर पितो. त्याला म्हटलं, तीस तारखेला माझ्या नातीचा बाप्तिस्मा, हंडा आतून बघू दे. तर म्हणतो, "राहू दे गं इर्मा, त्यात माझं सामान असतं." सामान! फरशी पुसायची ओली फडकी. फडक्यांवर बुरशी, बुरशीवर गोगलगाय. आणि तळाशी एक वटवाघूळ, मरून वाळलेलं, जुन्या हातमोज्यासारखं. सातशे वर्षांचा हंडा! माझा, माझ्या आईचा, तिच्याही आईचा बाप्तिस्मा ह्यात झाला, आणि हा मेला त्यात पोतेरी कोंबतो!

ओकारी येत होती आणि हसूही येत होतं. टिल्डा येणार ना! माझं सोनं!

९ मे

झिल्केचा फोन. टिल्डाला दोन दात आलेत. (खालचे. झिल्केला आधी वरचे आले होते, मी तेव्हाच म्हटलं होतं, ही पोरगी उलट्या डोक्याची निघणार.) वटवाघळाचं मी सांगायलाच नको होतं. पण तोंडातून निघून गेलं.

"आई! त्या घाणीवर माझं बाळ धरायचं नाही. पाद्रीणबाई हंड्यावर काचेचं भांडं ठेवतात, त्यातून टाका दोन थेंब. बस्स झालं."

काचेचं भांडं! ओळखते मी ते. सुगीच्या जेवणाला त्यातच बटाट्याची कोशिंबीर होती. मी म्हटलं, त्यापेक्षा बशीतच कर बाप्तिस्मा.

"माझा तर बशीतही झाला नाही," म्हणाली. "काय अडलं माझं?"

खरंय. तिचे बाबा शाळेचे मुख्याध्यापक होते. बर्लिनची भिंत पडायच्या आधीचे, पूर्व जर्मनीतले दिवस ते. चर्चची पायरी चढला तर खुर्ची गेली. पोरगी कोरडीच वाढली. आता टिल्डाचं होतंय तेही जावयाच्या हट्टानं. गुणी आहे आर्ने. टोमॅटोवर साखर घालून खातो, पण गुणी आहे.

शेवटी झिल्के म्हणाली, "मी स्वतः आतून हात फिरवून बघणार. आवडलं तर हंडा, नाहीतर काच."

ठरलं!

१२ मे

सोडा, व्हिनेगर, ब्रश. गुडघे गेले.

१५ मे

काठाखाली च्युइंगगम! पाद्रीणबाईंच्या वर्गाला येणारी कार्टी चिकटवतात. एक मऊ, दाताचे ठसे असलेलं — ई! एक दगडासारखं. ते चिकटवणारा आता आजोबा झाला असेल. हंडा खांद्यावर घेऊन गुडघ्यावर बसलेले चार काशाचे बुटके आहेत, त्यांच्या कानांत पिवळं मेण साठलंय, अगदी माणसाच्या कानात असतं तसलंच. हेअरपिननं काढलं. माझ्या नवऱ्याचं, ओट्टोचंही असंच काढायचे मी, बिचारा ओरडायचा.

फुलं मांडणाऱ्या बायकाही कमी नाहीत. शिळं पाणी हंड्यातच ओततात. आतून सगळा शेंबूड धरलाय. घरी येऊन रुबार्बच्या आंबट देठांचा केक केला, पण घास उतरेना. हिरवा दिसत होता.

२१ मे

आज तळ गाठला! मधोमध एक काळा गोळा होता — कुजलेल्या चरबीसारखा, त्यात केस. माणसाचे की घोड्याचे, देव जाणे! चमच्यानं खरवडून काढला. तोंडावर फडकं बांधलं होतं, तरी घशात वास बसला. थेट कचऱ्यात! तासाभरात गाडी येऊन घेऊनही गेली. चमचाही फेकला.

आता या म्हणावं झिल्केबाईंना.

२९ मे

आले सगळे! टिल्डा माझ्या नाकाला चावली!

झिल्केनं कोपरापर्यंत हात घालून हंडा चाचपला. बोटं नाकाशी नेली. "चालेल," म्हणाली. मला नाचावंसं वाटलं. म्हटलं, पाणी भरून बघू. दोन बादल्या ओतल्या. आर्ने ओरडला, "सासूबाई, बूट!"

सगळं पाणी खाली! तळाला अंगठ्याएवढं भोक. आम्हा दोघींना तो नुसता खळगा वाटला होता.

पागेलनं डोक्याला हात लावला. "अगं बाई, मेणाचं बूच काढलंस? घोड्याचे केस घालून माझ्या बापानं बसवलं होतं ते!"

"बूच? तो ओकारीचा गोळा? मग सांगायचंस ना!"

"फडक्यांच्या खाली काय आहे ते मला कसं दिसणार?"

भांडलो. झिल्के शांतपणे म्हणाली, "काचेचं भांडं आणा." मी खांबामागे जाऊन रडले. पागेलला दया आली असावी. बाटलीचं बूच तासून आणलं, बिअरचा भपकारा मारणारं. शी! पण बसलं.

३० मे

बसलं नाही.

पाद्रीणबाई वाकल्या. टिल्डा आर्नेच्या हातात, हंड्यावर धरलेली. तेवढ्यात टप्प! बूच उडालं, पाण्याची धार लागली. बाईंची नजर काचेच्या भांड्याकडे गेली. मी डोळे मिटले. उघडले तर झिल्के गायब!

झिल्के हंड्याखाली. क्रीम रंगाचा स्कर्ट त्या चिखलात टेकून, चार बुटक्यांच्या मधे बसलेली. कोळ्याचं जाळं केसांत. अंगठा भोकात.

"काय बघताय?" खालून आवाज आला. "उरका की! किती घाण आहे इथे!"

बाईंनी उरकलं. पित्याच्या नावानं, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या. टिल्डाच्या डोक्यावरचं पाणी हंड्यात पडलं आणि अंगठ्याच्या कडेनं झिरपत झिल्केच्या बाहीत, केसांत, मानेवरून पाठीत गेलं. टिल्डा हसली. पागेल म्हणाला, "आमेन, मुली, सोड आता." ती लगेच उठलीच नाही. मला वाटलं, पाठ धरली.

३१ मे

झिल्केचा फोन. आधी स्कर्टच्या डागांची तक्रार. मग म्हणाली, "आई, पाद्रीणबाईंना विचार. कालचं पाणी माझ्याही बाप्तिस्म्याचं धरायचं, की मला परत यावं लागेल?"