निळ्या शब्दांच्या मागचं

३ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू पडद्यावर वाचणार नाहीस, म्हणून अलीकडे वाचलेल्यातलं बरं ते छापून पाठवतो आहे. एक लेख दाराच्या मुठीवर आहे: दार ढकलायचं की ओढायचं, हे पाटी न वाचता कळलं पाहिजे. आमच्या सॉफ्टवेअरचंही तेच. दुसरा लेख हौशी लोकांनी घरी बसून बनवलेल्या जुन्या वेबसाइट्सवर आहे.

बाबांची घड्याळदुरुस्तीची वेबसाइट महिनाअखेर बंद करतो आहे. ते गेल्यावर मी ती नव्याने बांधली, नीटनेटकी केली, पण आठ महिन्यांत वाचकाचं एक पत्र नाही. पूर्वी आठवड्याला दोन-तीन यायची. लोक विसरले त्यांना. फार वाईट वाटतं.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.
तुझा ठोकळ्या

११ मार्च

चि. ठोकळ्यास,
अ. उ. आ.

मुठीचा लेख दोनदा वाचला. आमच्या ग्रंथालयाचं दार तीस वर्षं लोक उलटं ढकलत आले आणि मी त्यांनाच वेंधळे समजत आले. आता माफी मागायची तर कोणाकोणाची?

दुसऱ्या लेखात काही शब्द निळे आहेत, खाली रेघ मारलेले. त्यांच्या मागे दुसरं पान असतं, असं तूच म्हणाला होतास. मग ते पाठवायला हात दुखले का? चौथ्या पानावर 'एका घड्याळजीची टिपणं' असं निळ्यात आहे. हा घड्याळजी कोण, ते आधी बघ. मला चैन पडत नाही. तोवर दादाच्या वेबसाइटला हात लावायचा नाही.

आशीर्वाद आहेतच, रागही थोडा आहे.
आत्या

१९ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू ठेवलेलं नाव सार्थ केलं मी. तो निळा शब्द दाबला, तर 'हे पान सापडत नाही' असं आलं, आणि तसं सांगणारी वेबसाइट आपलीच! नीटनेटकं करण्याच्या नादात मी बाबांच्या प्रत्येक पानाचा पत्ता बदलून टाकला होता. लोकांकडे पत्ते जुनेच. येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद कॉम्प्युटर ठेवतो, ती उघडली. आठ महिन्यांत एकही दिवस कोरा नाही. रोज कोणी ना कोणी येऊन परत गेलं. पत्र पाठवायची खिडकीही त्याच पानांवर होती.

पुस्तक दुसऱ्या कपाटात हलवलं की तू रिकाम्या जागी कार्ड ठेवायचीस, 'मी अमुक कपाटात आहे' असं. लहानपणी ती कार्डं मीच लिहायचो, आणि तरी विसरलो. आता जुन्या प्रत्येक पत्त्यावर तसंच एकेक कार्ड ठेवलं आहे. पानं एकशे बारा.

तिसऱ्याच दिवशी पत्र आलं, बाबांच्या नावाने. काटे चारवर असताना घड्याळ पाच टोले देतं, आणि इतके दिवस तुम्ही होता कुठे, असं विचारलं आहे. बाबा गेल्याचं कळवलं आणि त्यांचं टोल्यांचं पान पाठवलं. घड्याळ सुधारलं म्हणे. वेबसाइट बंद करत नाही.

तुझा लोभ आता जपून ठेवीन.
ठोकळ्या

२७ मार्च

चि. ठोकळ्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचून रडले. मग बरं वाटलं.

एक कबूल करते. दादा सारखा म्हणायचा, माझी पानं वाच गं. मी म्हणायचे, छापून आण, मग वाचते. तो हट्टी, मी त्याच्याहून हट्टी. त्याने छापलं नाही आणि मी त्याचं एक पानही वाचलं नाही.

एकशे बाराही पानं छापून पाठव. निळे शब्द असतील तर त्यांच्या मागचंही. टेबल रिकामं करून ठेवलं आहे.

तुझी वाट पाहणारी,
आत्या